रक्तदाबाची जनुके : एका निबंधसूचीचे परीक्षण

शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात आम्ही आनुवंशिकतेवर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी आम्हाला गाठले. त्या म्हणाल्या, "सर, आमच्या आजीला रक्तदाब होता, आईला होता, ती त्यातच गेली. आता मला आहे. जनुके आईवडिलांकडून येतात हे तुम्हीच आत्ता सांगितलेत. मग जे रक्तातच आले आहे त्याला मीठ कमी करून काय होणार? डॉक्टर आपले सांगत राहतात." आम्ही काहीतरी उत्तर दिले. "दोन्हींचा वाटा असतो" हे नेहमीचे, कोणालाच न दुखावणारे वाक्य. बाईंनी मान डोलावली, पण त्यांचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमचेही नव्हते.

परत आल्यावर आम्ही एक जुना बेत तडीस नेला. रक्तदाबाच्या जनुकांवर काम करणाऱ्या एकाच संशोधकाचे निबंध पहिल्यापासून क्रमाने वाचायचे असे ठरवले. नाव निवडले रिचर्ड लिफ्टन यांचे. स्टॅनफर्ड विद्यापीठातून वैद्यकाची पदवी आणि पीएच.डी., बोस्टनच्या रुग्णालयात उमेदवारी, १९९३ पासून येल विद्यापीठात संशोधन, २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठाचे अध्यक्षपद, असा हा माणूस. पुरस्कारांची यादी लांब आहे, ती येथे देत नाही. निबंध तर शेकड्यांनी आहेत. सगळे वाचल्याचा आमचा दावा नाही. रक्तदाबाशी संबंधित असलेले बहुतेक महत्त्वाचे निबंध मात्र समोर ठेवले.

कादंबरीकाराच्या साहित्याचे परीक्षण होते, नाटककाराचे होते. वैज्ञानिकाच्या निबंधसूचीचे फक्त मोजमाप होते. किती निबंध, कोणत्या नियतकालिकात, इतरांनी किती वेळा उद्धृत केले, एवढे आकडे मांडले की काम झाले. यातले कोणते निबंध टिकले, कोणते विरघळले आणि का, हे कोणी विचारत नाही. ते विचारण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी थोडी उजळणी. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात घेतात. त्याबरोबर मीठही, म्हणजे सोडियम, जवळजवळ सगळे परत येते. शेवटचे काही टक्के परत घ्यायचे की मूत्रावाटे सोडून द्यायचे हे ठरवणारे एक संप्रेरक म्हणजे अल्डोस्टेरॉन. ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत तयार होते. ते जास्त झाले की मीठ शरीरात राहते, मिठामागोमाग पाणी राहते, रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो. पोटॅशियम मात्र बाहेर जाते.

आता पहिला निबंध. १९६६ मध्ये कॅनडातील काही डॉक्टरांनी एका पिता-पुत्रांची हकिकत प्रसिद्ध केली होती. दोघांचा रक्तदाब चढलेला, अल्डोस्टेरॉन जास्त. विचित्र गोष्ट अशी, की डेक्सामेथॅसोन हे स्टेरॉइड दिल्यावर दोन्ही खाली आले. एरवी स्टेरॉइडे रक्तदाब वाढवण्याच्याच बाजूची. डेक्सामेथॅसोन मेंदूतल्या पीयूष ग्रंथीला गप्प करते, तिच्याकडून येणारे एसीटीएच हे संप्रेरक थांबवते. एसीटीएचची मुख्य हुकमत चालते ती अधिवृक्क ग्रंथीच्या मधल्या थरावर, जेथे कॉर्टिसॉल तयार होते. अल्डोस्टेरॉन तयार होते बाहेरच्या थरात, आणि त्याचा मुख्य मालक वेगळा, अँजिओटेन्सिन. तेव्हा या कुटुंबांत अल्डोस्टेरॉन चुकीच्या मालकाचे ऐकत होते हे दिसत होते. स्टॅन्ली युलिक या स्टेरॉइडांच्या अभ्यासकाला अशा रुग्णांच्या मूत्रात अर्धी कॉर्टिसॉलसारखी, अर्धी अल्डोस्टेरॉनसारखी अशी संकरित रसायनेही सापडली होती. पण असे का व्हावे हे पाव शतक कोणाला सांगता आले नव्हते.

जानेवारी १९९२ मध्ये लिफ्टन आणि सहा सहकाऱ्यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. जेमतेम चार पानांचा आहे. आठव्या गुणसूत्रावर दोन जनुके शेजारी शेजारी असतात. एक कॉर्टिसॉल तयार करणाऱ्या विकराचे, दुसरे अल्डोस्टेरॉन तयार करणाऱ्या विकराचे. दोघांत ९० टक्क्यांहून जास्त साम्य. अर्धगुणसूत्री विभाजनात जोडीतली दोन गुणसूत्रे समोरासमोर येऊन तुकड्यांची अदलाबदल करतात हे आपण नववी-दहावीत शिकवतो. समोरासमोर येताना इतकी सारखी दोन जनुके असतील तर जोडी चुकू शकते. शर्टाचे बटण एक काज सोडून खालच्या काजात जावे तसे. या कुटुंबात कधीतरी एका पूर्वजात तसे झाले होते, आणि त्यातून तिसरे, जोडकाम केलेले जनुक तयार झाले होते. त्याचा सुरुवातीचा भाग, म्हणजे केव्हा काम करायचे हे सांगणारा, कॉर्टिसॉलच्या जनुकाचा. आणि काय काम करायचे हे सांगणारा पुढचा भाग अल्डोस्टेरॉनच्या जनुकाचा. म्हणजे एसीटीएचने हाक मारली की अल्डोस्टेरॉन हजर. रोग असलेल्यांत हे जनुक होते, रोग नसलेल्या नातेवाइकांत नव्हते.

निबंध आज तीस वर्षांनंतर वाचतानाही त्यात कोठे बोट ठेवावे असे आम्हाला सापडत नाही. त्याचे कारण केवळ सांख्यिकी नव्हे. औषधाचा विचित्र गुण, मूत्रातली संकरित रसायने, पिढीगणिक उतरण्याची पद्धत, या तिन्ही सुट्या गोष्टी एकाच घटनेने उलगडतात. शिवाय त्याच वर्षी पुढच्या निबंधात इतर कुटुंबे तपासली, तेव्हा जोडकाम प्रत्येकात अगदी त्याच जागी नव्हते, वेगवेगळ्या ठिकाणी होते. म्हणजे तीच चूक निसर्गाने पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे केली होती आणि प्रत्येक वेळी परिणाम तोच झाला. प्रयोगशाळेत आपण यालाच पुनरावृत्ती म्हणतो.

एक अवांतर. लिफ्टन यांचे विद्यार्थिदशेतील काम फळमाशीच्या हिस्टोन जनुकांवरचे आहे, १९७८ चे. ही जनुके एकामागोमाग एक अशी पुनरावृत्त रांगेत असतात. अशा रांगा पाहत ज्याची उमेदवारी गेली, त्याला माणसाच्या दोन जुळ्या जनुकांत घोटाळा होऊ शकतो हे सुचणे सोपे गेले असावे. हा आमचा तर्क आहे, पण निबंधसूची क्रमाने वाचण्याचे असे फायदे असतात.

पुढच्या दहा वर्षांची मालिका याच घडणीची आहे. ग्रँट लिडल यांनी १९६३ मध्ये वर्णन केलेल्या कुटुंबात रक्तदाब चढलेला असे, पण अल्डोस्टेरॉन उलट कमी असे. त्या मूळ रुग्ण स्त्रीला पुढे मूत्रपिंड निकामी झाल्याने दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवावे लागले आणि तिचा रक्तदाब सुधारला. दोष कोठे आहे हे शल्यचिकित्सेनेच दाखवून दिले. १९९४ मध्ये येलच्या गटाने त्याच कुटुंबात सोडियम आत घेणाऱ्या मार्गिकेच्या एका प्रथिनाचे शेपूट तुटलेले दाखवले. काम झाल्यावर ही मार्गिका पेशीच्या पटलावरून काढून घेतली जाते, आणि त्यासाठी पकडायची जागा त्या शेपटातच असते. शेपूट नाही, म्हणून मार्गिका जागची हलत नाही आणि मीठ आत येतच राहते. १९९६ मध्ये याच्या उलट बाजूचे रोग उलगडले. मीठ परत घेणारे पंप जन्मतःच बिघडलेले असले तर मीठ वाहून जाते आणि रक्तदाब कमी राहतो. यातला गिटेलमनचा विकार शिकवायला फार उपयोगी आहे. त्यात बिघडलेला पंप तोच, ज्याला थायाझाइड गटाची औषधे अडवतात. हे रुग्ण म्हणजे जणू जन्मापासून थायाझाइड घेत असलेली माणसे. २००१ ची डब्ल्यूएनके जनुके आपण येथे सोडून देऊ. काम मोलाचे, पण गुंतागुंत पुष्कळ आहे.

२००० चा निबंध मात्र सोडवत नाही. पंधरा वर्षांच्या एका मुलाला तीव्र रक्तदाब. त्याच्या शरीरात अल्डोस्टेरॉन ज्या ग्राहक प्रथिनाला चिकटते, त्या प्रथिनात ८१० व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन. एका अमिनो आम्लाच्या फरकाने कुलपाचा आकार असा बदलला, की जी किल्ली एरवी नुसती अडकून बसते तिने ते उघडू लागले. ही किल्ली म्हणजे प्रोजेस्टेरॉन. गरोदरपणात ते कितीतरी पटींनी वाढते. त्यामुळे हा बदल असलेल्या स्त्रियांचा रक्तदाब गरोदरपणात भयंकर चढत असे. आणि स्पायरोनोलॅक्टोन, जे औषध या ग्राहकाला बंद पाडण्यासाठी देतात, तेही या माणसांत त्याला चालूच करते. या घरात तेच औषध विषासारखे.

औषधांचा विषय निघालाच आहे तर आमची पहिली तक्रार येथेच मांडतो. अशा निबंधांच्या शेवटी नव्या उपचारांची आशा व्यक्त करण्याचा रिवाज असतो. लिफ्टन यांच्या सूचीतील रोगांची औषधे पाहिली तर ती जनुकांच्या आधीची आहेत. थायाझाइड गटातले पहिले औषध १९५० च्या दशकाअखेर आले, अमिलोराइड १९६० च्या दशकात. लिडलच्या विकाराला अमिलोराइडसारखी औषधे लागू पडतात, गॉर्डनच्या विकाराला थायाझाइड, पहिल्या कुटुंबाला डेक्सामेथॅसोन. जनुक सापडले तेव्हा औषध दुकानात होतेच. आणखी मागे जायचे तर मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधेवरचा निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला १९४९ मध्ये. डीएनएची रचना कळायला तेव्हा चार वर्षे अवकाश होता. औषधशास्त्र पुढे चालत गेले आणि आनुवंशिकशास्त्र मागून येऊन कारण सांगत राहिले, असे या सूचीचे चित्र आहे. यात कमीपणा नाही. कोणत्या घरात कोणते औषध चालेल आणि कोणते घात करील हे कळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण शेवटच्या परिच्छेदातली आशा आणि प्रत्यक्ष मिळालेली वस्तू यांत फरक आहे, तो वाचकाने ध्यानात ठेवावा.

आता दुसरा निबंध. तोही १९९२ चाच, ऑक्टोबरमधला, 'सेल' या नियतकालिकातला. लिफ्टन यांचे नाव त्यावरही आहे. अकरा लेखकांत चौथे. येथे थोडे थांबू. जीवशास्त्रात नावांच्या क्रमाला अर्थ असतो. साधारणपणे पहिले नाव काम करणाऱ्याचे, शेवटचे नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे. या निबंधात पहिले नाव झेव्हियर ज्यूनमेत्र यांचे आणि शेवटची दोन लालुएल व कॉर्वोल यांची, म्हणजे अमेरिकेतील युटा आणि पॅरिस येथील गटप्रमुखांची. तेव्हा याचे श्रेय किंवा दोष एकट्या लिफ्टन यांच्या पदरात टाकता येणार नाही. पण सूचीत आहे म्हटल्यावर परीक्षणातून सुटत नाही.

पहिला निबंध दुर्मीळ रोगाचा होता. हा होता सर्वसामान्य रक्तदाबाचा, बाईंचा, आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा. युटातील आणि पॅरिसमधील रक्तदाबाची भावंडे गोळा करून त्यांत अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनाच्या जनुकाची तपासणी केलेली. याच प्रथिनापासून अँजिओटेन्सिन तयार होते, तेव्हा संशय घ्यायला जागा होती. रक्तदाब असलेल्यांत त्याचा २३५ व्या जागी थ्रिओनीन असलेला प्रकार जास्त वेळा आढळला. दोन दूरच्या ठिकाणी एकच निष्कर्ष, रक्तातील प्रथिनाच्या प्रमाणातही फरक. निबंध काळजीपूर्वक केलेला आहे. सर्वसामान्य रक्तदाबाचे जनुक सापडले असा गाजावाजा झाला, तो अगदीच निराधार नव्हता.

पुढे काय झाले याचे आम्ही साक्षीदार आहोत. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही संशोधक विद्यार्थी होतो. एका जनुकाचा एक प्रकार घ्यायचा, शे-दोनशे रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक घ्यायचे, आणि प्रमाणे ताडून पाहायची, असे निबंध तेव्हा जगभर निघत होते. या एका जनुकावरच शंभराहून अधिक निघाले. आम्हीही पाच-सहा महिने त्यात घातले. रक्ताचे नमुने, त्यातून डीएनए, पीसीआर, मग विकराने तुकडे करून जेलवर पट्टे मोजायचे. रुग्ण आणि निरोगी यांत फरक आला नाही. आमचे मार्गदर्शक म्हणाले, "फरक नाही हा निष्कर्ष कोण छापणार? दुसरे जनुक घ्या." आम्ही दुसरे घेतले. ती वही आणि जेलची छायाचित्रे अजून आमच्या कपाटात आहेत. जगातल्या किती कपाटांत अशा वह्या असतील? ज्यांना योगायोगाने फरक दिसला त्यांचे निबंध छापून आले, आणि ज्यांना दिसला नाही ते दुसऱ्या जनुकाकडे वळले. छापील निबंधांची बेरीज केली तर चित्र कोणते दिसणार हे वर्गातला हुशार मुलगाही सांगेल.

दुसरी अडचण वंशांच्या सरमिसळीची. हा थ्रिओनीन प्रकार आफ्रिकी वंशाच्या बहुतेक लोकांत असतो, युरोपीय लोकांत बराच कमी. समजा, एखाद्या शहरात रुग्णांच्या गटात आफ्रिकी वंशाचे लोक जास्त आले आणि निरोगी गटात कमी, तर जनुकाचा रक्तदाबाशी काही संबंध नसतानाही संबंध दिसेल. मूळ निबंधात भावंडांची तुलनाही होती, म्हणून त्याला ही शंका तितकी लागू पडत नाही. नकला करणाऱ्यांना मात्र ती पूर्ण लागू पडते.

मग मोजणी मोठी झाली. २०११ मध्ये दोन लाख लोकांची पाहणी आली, २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांची. या दुसऱ्या पाहणीनंतर रक्तदाबाशी संबंधित जनुकीय जागांची संख्या ९०१ झाली. कुटुंबांच्या आणि जुळ्यांच्या अभ्यासांवरून रक्तदाबातील माणसामाणसांतल्या फरकाचा ३० ते ५० टक्के भाग आनुवंशिक समजतात, आणि या ९०१ जागा मिळून सिस्टॉलिक दाबातील फरकाचा सुमारे ६ टक्के भाग उलगडतात. एकेका जागेचा परिणाम बहुधा एका मिलिमीटरच्याही आत. अँजिओटेन्सिनोजेनची जागाही या यादीत आहे. म्हणजे १९९२ चा 'सेल'मधला निबंध चुकीचा नव्हता. त्याने एका मोठ्या गर्दीतला एक माणूस ओळखला होता, आणि आम्ही सर्वांनी तोच पुढारी आहे असे समजून त्याच्या मागे दहा वर्षे घालवली.

एकाच माणसाच्या सूचीत, एकाच वर्षी, दोन निबंध. एक अजून जसाच्या तसा उभा आहे, दुसरा आक्रसत गेला. बुद्धी तीच, प्रामाणिकपणा तोच. फरक प्रश्नाच्या जातीचा. जेथे एक बदल घडला की रोग होतोच, तेथे एका कुटुंबानेही उत्तर मिळते. जेथे शेकडो बदल थोडे थोडे ढकलतात, तेथे हजार माणसेही अपुरी पडतात. लिफ्टन यांनी हे लवकर ओळखले असावे. त्यानंतरच्या त्यांच्या मुख्य कामाचा भर दुर्मीळ कुटुंबांवरच राहिला आहे.

मात्र त्या कुटुंबांवरून त्यांनी जो मोठा निष्कर्ष काढला तो आम्हाला पूर्ण मान्य नाही. सगळी जनुके अखेर मूत्रपिंडातील मिठाच्या हिशेबाशी येऊन मिळतात, म्हणून रक्तदाबाचा गाभा तेथेच आहे, असे त्यांचे प्रतिपादन. ऐकायला पटते. पण कोणती कुटुंबे तपासली ते पाहा. पोटॅशियम कमी किंवा जास्त, अल्डोस्टेरॉन बिघडलेले, अशी खूण आधीच दिसत होती तीच. मूत्रपिंडाची खूण पाहून निवड केली तर मूत्रपिंडाचीच जनुके सापडणार. थिओडोर कर्ट्झ आणि त्यांचे सहकारी मिठाने चढणाऱ्या रक्तदाबातही मूळ बिघाड रक्तवाहिन्यांच्या प्रतिसादात असतो असे अनेक वर्षे मांडत आले आहेत. आणि एक कुटुंब तर या प्रतिपादनाच्या सरळ विरोधात उभे आहे. तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या बाजूला राहणारे. आखूड बोटे आणि तीव्र रक्तदाब हे दोन्ही बरोबर उतरतात; उपचार झाले नाहीत तर पन्नाशीच्या आत पक्षाघाताने मृत्यू. १९७३ मध्ये वर्णन झाले आणि बर्लिनच्या गटाने २०१५ मध्ये जनुक दाखवले. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूंवर काम करते. मीठ कमी-जास्त केल्याने या लोकांच्या दाबात विशेष फरक पडत नाही. एक कुटुंब म्हणजे अपवाद, असे म्हणता येईल. पण लिफ्टन यांचीही कुटुंबे अपवादच होती.

या आक्षेपाला त्यांचे सर्वांत चांगले उत्तर २००८ च्या निबंधात आहे, आणि आमच्या मते सूचीतला हा सर्वांत कमी वाखाणलेला निबंध आहे. येथे त्यांनी रोगी निवडलेच नाहीत. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावची ३,१२५ सर्वसाधारण माणसे घेतली, ज्यांचा रक्तदाब अनेक वर्षे नोंदला गेला होता. मीठ परत घेणारी तीन जनुके, ज्यांच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर रोग होतो, त्यांची एकच प्रत बिघडलेली माणसे शोधली. दर ६४ माणसांमागे किमान एक निघाला. त्यांचा सिस्टॉलिक दाब इतरांपेक्षा सरासरी ६ मिलिमीटरांनी कमी. संख्या लहान आहे, पन्नासच्या आसपास. पण निवड मूत्रपिंडाची खूण पाहून केलेली नाही, आणि दुर्मीळ रोग व रोजचे जीवन यांच्यामध्ये येथे एक पूल दिसतो.

२०११ चा निबंध शिक्षकांनी मुद्दाम पाहावा असा आहे. अल्डोस्टेरॉन सोडणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीच्या २२ गाठी तपासल्या, त्यांपैकी ८ गाठींत पोटॅशियमच्या एका मार्गिकेचे जनुक बदललेले होते. हा बदल त्या गाठीतच होता, रुग्णाच्या रक्तात नव्हता. म्हणजे आईवडिलांकडून आलेला नाही, मुलांकडे जाणार नाही. जनुकीय म्हणजे आनुवंशिक असेच नव्हे, हे सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. आमच्या त्या व्याख्यानात नेमके हेच सांगायचे राहिले होते.

औषधांविषयीची तक्रार वर केली, तिला अलीकडे थोडी मुरड घालावी लागते. अल्डोस्टेरॉन तयार करणारे विकरच बंद करावे, ही कल्पना जुनी. पण शेजारच्या कॉर्टिसॉलच्या विकराशी त्याचे इतके साम्य, की औषध दोघांनाही पकडी. एक औषध याच कारणाने रक्तदाबासाठी मागे पडले आणि पुढे ओसिलोड्रोस्टॅट या नावाने कॉर्टिसॉल वाढण्याच्या रोगावर वापरात आले. ज्या साम्यामुळे १९९२ चे जोडजनुक तयार झाले, तेच साम्य औषध करणाऱ्यांच्याही आड आले. बॅक्सड्रोस्टॅट हे नवे औषध दोन विकरांत फरक करू शकते. इतर औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबावर त्याची चाचणी झाली. बारा आठवड्यांत मोठ्या मात्रेने दाब सुमारे २० मिलिमीटर उतरला, औषध नसलेल्या गोळीने ९. त्यानंतरच्या एका चाचणीत मात्र ते त्या नुसत्या गोळीच्या पुढे गेले नाही, आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पुन्हा सरस ठरले.

आणि ज्या अँजिओटेन्सिनोजेनला आम्ही वर गर्दीतला एक माणूस म्हटले, त्याचे काय? २०२३ मध्ये झिलेबेसिरान या टोचून घ्यायच्या औषधाच्या पहिल्या चाचणीचा निबंध आला. यकृतात हे प्रथिन तयार होऊच द्यायचे नाही, अशी त्याची रीत. १०७ रुग्णांची ही लहान चाचणी. मोठ्या मात्रेच्या एकाच टोचणीने सिस्टॉलिक दाब १० मिलिमीटरांहून जास्त उतरला आणि सहा महिन्यांपर्यंत तसा राहिला. जनुकातील नैसर्गिक बदलाचा परिणाम चिमूटभर असला तरी ते प्रथिनच काढून घेतल्याचा परिणाम मोठा असू शकतो. हे १९९२ च्या निबंधाचे श्रेय मात्र नव्हे. अँजिओटेन्सिनचा शोध १९४० च्या सुमाराचा आहे.

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही त्या बाईंना पत्र लिहिले. बहुतेकांच्या रक्तदाबात शेकडो बदलांचा थोडा थोडा वाटा असतो, तुमचाही तसाच असण्याची शक्यता जास्त आहे, असे कळवले. ज्या बहुतेक घरांत एकच जनुक सगळे घडवते तेथेही ते मीठ शरीरात अडवूनच घडवते, तेव्हा आनुवंशिक आहे म्हणून मीठ सोडून उपयोग नाही हा तुमचा तर्क उलटा पडतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, तेही लिहिले. आणि शेवटी तीन प्रश्न विचारले. तुमचा रक्तदाब कोणत्या वयात निघाला? आईला नेमके काय झाले होते आणि तेव्हा त्यांचे वय काय होते? पोटॅशियम कधी तपासले आहे का?

पंधरा दिवसांनी उत्तर आले. रक्तदाब विसाव्या वर्षाच्या आतच, महाविद्यालयात असताना निघाला होता. आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा ती ३७ वर्षांची होती. आजीही चाळिशी गाठू शकली नव्हती. पोटॅशियम एकदा तपासले होते, ते ठीक होते. १९९२ च्या त्या पहिल्या निबंधातल्या रोगात पोटॅशियम पुष्कळदा ठीकच असते, आणि तरुणपणी मेंदूत रक्तस्राव ही त्याची ओळखीची खूण आहे. आम्ही वैद्यकाचे डॉक्टर नाही, म्हणून निदान केले नाही. अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचे गुणोत्तर व या जनुकाची तपासणी करता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, असे कळवले आणि सोबत त्या चार पानांची छायाप्रत पाठवली. बाईंना एक मुलगी आहे, बारावीत शिकणारी. तिचा रक्तदाब अजून कोणी मोजलेला नाही, असे त्यांच्या पत्रात होते. दुसऱ्या पत्रात आम्ही आधी त्याविषयीच लिहिले.